पाठवणीचा सा

उखर्डा मास्तरांबद्दल बोलायचं मी बरीच वर्षं टाळलं. बँडमधली जुनी माणसं कुठे भेटली, चहा आला, आणि बोलणं त्यांच्याकडे वळायला लागलं, की मी उठायचो. दुकानावर कोणीतरी पंक्चरची सायकल लावून गेलंय, असं सांगायचो. बहुतेक वेळा कोणी आलेलं नसायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका तेरवीला आमचा जुना ढोलवाला शंकर माझ्या शेजारी जेवायला बसला होता. समोरच्या पाहुण्यांना तो सांगत होता, "उखर्डा मास्तर म्हंजे माणूस नव्हता, नुसता सूर व्हता. पन दात पडले अन् आपल्या मनानंच क्लारनेट खुटीले टांगून देली त्यानं. कोनी काढलं नाई, कोनी सांगतलं नाई. इचारा मधूभाऊले."

मी मान हलवली आणि पानातल्या वांग्याच्या भाजीकडे बघत राहिलो.

ते वाक्य माझं आहे. 'आपल्या मनानंच टांगून देली' हे पहिल्यांदा मी बोललो, आणि शंकरलाच बोललो. आता ते साऱ्यांच्या तोंडी बसलंय, आणि ते खोटं आहे. माझं वय सत्तरीच्या पुढे गेलं, फुंक उरली नाही. निदान एवढं तरी सरळ करून ठेवावं म्हणून लिहायला बसलो आहे. पण आधी मास्तर कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

मास्तर रोहिणखेडचे. आमचा बँड मोताळ्याचा, मालक प्रल्हादभाऊ. बसस्टँडजवळ माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि लग्नसराईत मी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचो. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा तोच मास्तर, बाकी सगळे नुसते वाजवणारे. हा कायदा कोणी केला माहीत नाही, पण आमच्याकडे तो सगळ्यांना मान्य होता.

अंगाने उंच, खांद्यात थोडे वाकलेले. प्रल्हादभाऊंनी सगळ्यांना लाल कोट आणि पांढरी पँट शिवली होती. मास्तरांनी कोट घेतला, पँट परत केली. लाल कोटाच्या सोनेरी पट्ट्यांखाली त्यांचं धोतर कायम राहिलं. प्रल्हादभाऊ चिडले तेव्हा मास्तर म्हणाले, "कमरेच्या वरतं मी तुह्या बँडचा, खालतं माह्या घरचा. तुले फुंक वरतीच पाह्यजे ना?"

नावाची त्यांना लाज नव्हती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने यांना जन्मल्यावर उकिरड्यावर लोळवलं आणि उखर्डा नाव ठेवलं. असल्या पोराकडे काळाचं लक्ष जात नाही म्हणतात. नवरीचा बाप मोठ्या आदराने विचारायचा, "मास्तर, आपलं नाव?" मास्तर सांगायचे, "उखर्डा. पन वाजवतो बरा."

त्यांच्या तोंडात एक पत्ती कायम असायची. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्हींच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी बसवलेली असते, सूर तिच्यातून निघतो. तिला आम्ही पत्ती म्हणतो. ती ओली असावी लागते. बाकीचे वाजवायच्या आधी थोडा वेळ चोखतात, मास्तर घरून निघतानाच ती ओठांच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि तिच्या बाजूने बोलायचे. बसमध्ये, टेम्पोत, हॉटेलात, सगळीकडे. त्यामुळे त्यांचं बोलणं तिरपं यायचं. त्यांनी पत्ती हातात काढून घेतली, की आता काहीतरी खरं बोलणार, हे आम्हाला कळायचं. जास्तीच्या पत्त्या चुन्याच्या रिकाम्या डबीत असायच्या.

आणि क्लॅरिनेट असायची बायकोच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. बायको जाऊन फार काळ लोटला होता. पेटी होती त्यांच्याकडे, पण पेटीच्या आत पुन्हा लुगडं. उन्हाळ्यातल्या वऱ्हाडी उन्हात ते मांडवाच्या सावलीत बसून राहायचे, पेटी मांडीवर घेऊन. माझा सॅक्सोफोन मी टेम्पोच्या टपावर टाकलेला असायचा. "पितळ रागावत नाई," ते म्हणायचे, "लाकूड रागावते. तडकलं तं बोलतच नाई मंग जन्मात."

डीजे आला तेव्हाची गोष्ट. नळगंगेकाठच्या एका गावात आमची वरात निघाली आणि समोरून दुसऱ्या लग्नाची डीजेची गाडी आली. गल्ली अरुंद, गाडीवर स्पीकरची भिंत. आमचा ढोल आम्हालाच ऐकू येईना. प्रल्हादभाऊ ओरडत होते, वाजवा, जोरात वाजवा. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली केली, बाजूच्या ओट्यावर बसले आणि खिशातले फुटाणे खायला लागले.

"काऊन बसले मास्तर?" शंकर म्हणाला.

"त्याले दम घ्या लागत नाई, मले लागते. त्याच्यासंग काय शर्यत लावतं बे. त्याचं डिझेल सरू दे."

आम्ही हसलो. पण मारुतीच्या पारापाशी जाऊन डीजेचं जनरेटर खरोखर बंद पडलं. नाचणारी पोरं हात वर तसेच ठेवून उभी राहिली. मग मास्तर उठले, धोतर झटकलं आणि एकट्याने सुरू केलं. दुसऱ्या लग्नाची माणसंसुद्धा आमच्या वरातीत चालायला लागली. नंतर फार दिवस ते कुठे काही अडलं की म्हणायचे, "सरन डिझेल, सरन."

पण त्यांचं खरं वाजवणं वरातीतलं नव्हतं. ते पाठवणीचं होतं.

आमच्या बँडची एक रीत होती. नवरी गाडीत बसायला निघाली की ढोल, ताशा, झांज सगळं थांबायचं. एकटी क्लॅरिनेट वाजायची, गाडी गावाबाहेर पडेपर्यंत. ती चाल सिनेमातली नव्हती. मास्तर म्हणायचे, माय दळताना म्हणायची, तीच जरा लांबवली. मध्ये सूर तुटू द्यायचा नाही, तुटला तर अपशकुन. म्हणून वाजवणारा दमला आणि दुसऱ्याने घ्यायचं ठरलं, तर त्याचीही रीत ठरलेली होती. घेणारा समोर उभा राहतो, वाद्य ओठाला लावतो आणि त्याचं खालचं टोक किंचित वर उचलतो. वाजवणाऱ्याने ते पाहिलं की तो चालीच्या शेवटी सा लांब धरतो. घेणारा त्याच सा मध्ये आपला सा मिसळतो. मग पहिला अलगद सोडतो. ऐकणाऱ्याला माणूस बदलल्याचं कळत नाही. याला आम्ही 'सा धरणं' म्हणायचो. त्यात मान होता, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही.

पाठवणी होईपर्यंत मास्तर लग्नघरी जेवत नसत. भरल्या पोटी पाठवणी वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंगती उठायच्या, आम्ही बुंदी खाऊन सुस्त व्हायचो, ते पाणी पिऊन बसलेले असायचे.

त्यांना एकच लेक, सुमन. तिला दिली तिकडे खाली मेहकरकडे, जानेफळला. तिच्या लग्नात, भर सराईत, दुसरा क्लॅरिनेटवाला कुठून आणायचा? स्वतःच्या लेकीची पाठवणी मास्तरांनी स्वतः वाजवली. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती गाडीत बसून गेली की घर रिकामं होणार होतं. सुमन रडत त्यांच्या पायाशी वाकली तेव्हाही त्यांनी वाद्य तोंडातून काढलं नाही, एक हात तिच्या डोक्यावर टेकवल्यासारखा केला आणि तेवढ्यापुरते डाव्या हाताचेच सूर वाजवले. आम्ही सगळे रडत होतो. त्यांचे डोळे कोरडे.

नंतर मी विचारलं, "मास्तर, तुम्हाले रडू नाई आलं?"

त्यांनी पत्ती हातात काढली. "क्लारनेट तोंडात असली का रडता येत नाई, मधू. रडणाऱ्याचं तोंड सैल पडते. सैल तोंडात ती बोलत नाई." आणि मग पत्ती परत ठेवून, तिरप्या आवाजात, "म्हणून तं वाजवत व्हतो."

मग त्यांचे दात पडायला लागले. वरचे, समोरचे. ते दात माउथपीसवर टेकवूनच वाजवावं लागतं, सारा आधार तिथे. आधी सूर हलायला लागला, मग फाटायला. एका लग्नात पाठवणीच्या मध्येच फाटला आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

प्रल्हादभाऊ दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले, मास्तरांनाही बोलावून घेतलं होतं. "मास्तर, राग मानू नका. डीजेनं बँडचं कंबरडं मोडलं. मले आता एवढी माणसं पोसवत नाईत. मधू सॅक्सोफोन वाजवते, त्याले क्लारनेट शिकवा. एक माणूस दोन्ही वाजवन."

मास्तर दुकानात टांगलेल्या टायरांकडे बघत होते. "शिकवतो," म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यात शिकायचं काय? दोन्ही पत्तीची वाद्यं, बोटंही सारखीच पडतात. पहिल्या दिवशी प्रल्हादभाऊंनी आणून दिलेल्या क्लॅरिनेटमध्ये मी छाती फुगवून फुंकलं आणि कोंबडीची मान पिरगाळल्यासारखा आवाज निघाला. सायकलीत हवा भरायला आलेला माणूस पंप सोडून हसायला लागला.

"तू फुंकून राह्यला सॅक्सोफोनसारखं," मास्तर म्हणाले. "तो मोठ्या मनाचा हाय, सैल तोंड चालते त्याले. हिले नाई चालत. दाढी करताना हनवटी कशी तानतं? तशी तान. अन् ओठ, नाडा ओढल्यासारखे, चारी बाजूनं."

मग बोटं. सॅक्सोफोनला चाव्या असतात. बोट कुठेही पडलं तरी चावी आपली भोक झाकते. क्लॅरिनेटवर उघडी भोकं, बोटाने स्वतः झाकायची. केसाएवढी फट राहिली तरी सूर किंचाळतो. माझं वाजवून झाल्यावर मास्तर माझी बोटं उलटी करून बघायचे. प्रत्येक बोटाच्या पेरावर भोकाच्या कडेचा गोल उमटलेला दिसला पाहिजे. एखाद्यावर अर्धाच गोल असला की त्याच बोटावर टिचकी मारायचे. "हा चोर हाय पाह्य."

सगळ्यात अवघड पुढचं. सॅक्सोफोनवर अंगठ्याची चावी दाबली की खालचा सा वरचा सा होतो. साधं काम. क्लॅरिनेटवर तशीच चावी दाबली की खालच्या सा चा एकदम वरच्या सप्तकातला प होतो. वीस वर्षांची बोटांची सवय खोटी ठरते. आणि मधल्या एका जागी तर सगळी बोटं उघडी असतात आणि लगेच पुढच्या सुराला सगळी बंद करावी लागतात. मी दर वेळी तिथे पडायचो. आपल्याच दारात ठेच लागावी तसा.

कित्येक दिवस पडू दिल्यावर मास्तरांनी माझ्या उजव्या हातावर हात ठेवला. "हा उचलूच नको. वरचा सूर डाव्या हाताचा हाय, उजव्याचं तिथं काम नाई. पन तो खालीच राहू दे, झाकून. पुढं लागणारच हाय तो. ज्याचं काम पुढं येनार हाय, त्यानं आधीपासून जाग्यावर बसून राहावं."

तेव्हापासून ती जागा मला ओलांडता आली. पुढे वाजवत होतो तोवर माझा उजवा हात त्या सुराला खालीच असायचा.

शिकवणी संपत आली तेव्हा एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्यांनी पत्ती काढून हातात घेतली. मी लगेच पाना खाली ठेवला.

"मधू, वरात तुही, मांडव तुहा, हळद तुही. समदं तुहं. पाठवणी माही. बुलढान्याले दात बसवून घेतो. बसले का मी येतो. मी समोर उभा राह्यलो का तू सा धर. बस."

"धरतो मास्तर."

"पक्कं?"

"पक्कं."

ते उठले. लेक जानेफळला, घरी कोणी नाही, बँडातलं नाव गेलेलं. या माणसाजवळ आता तेवढा एक सा राहिला होता, आणि तो त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला होता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दात बसल्यावर ते एकदा दुकानात आले. हसले तर ओळखू येईनात, इतके दात. "मागच्या चाकाची ट्यूब पाह्य, वापरून नरम झालेली. एवढासा तुकडा पाह्यजे." माउथपीसवर वरचे दात टेकतात तिथे चिकटवायला. नवे दात काचेवरून घसरल्यासारखे घसरत होते म्हणे, आणि फुंकलं की कवळी टाळूशी थरथरते. मी माझ्या हाताने तुकडा कापून दिला. कडा कात्रीने गोल करून दिल्या.

पुढे एका कामासाठी मी रोहिणखेडला गेलो होतो. जुन्या मशिदीकडच्या वाटेने त्यांच्या घराशी आलो, आणि बाहेरच थांबलो. आतून एकच सूर येत होता. लांब, हलणारा. मग फाटला. मग कवळी काढून पुन्हा बसवल्याचा बारीक आवाज. मग पुन्हा तोच सूर. गल्लीतली एक बाई मला म्हणाली, "दिवसभर असंच चालते बावा त्यायचं. येकटा मानूस, करन काय."

ज्यांनी मला हनुवटी ताणायला शिकवलं ते आत पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकत बसले होते. मी दार वाजवलं नाही. परत फिरलो. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, तो सूर फाटला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

कारण तोपर्यंत मी पाठवणी वाजवायला लागलो होतो. पाठवणी वाजवणाऱ्याकडे लोक कसं बघतात ते मला कळलं होतं. म्हातारी माणसं हात जोडायची. सॅक्सोफोनवाल्याला कधी कोणी हात जोडत नाही. लग्नघरी मला कोणी मधूभाऊ म्हणेना, सगळे मास्तर म्हणायला लागले.

मग त्यांचा फोन आला. शेजारच्या घरातून करत होते, मोठ्याने बोलत होते. "मधू, आता फाटत नाई. संग्रामपूरची तारीख हाय ना? येतो मी."

"या मास्तर."

प्रल्हादभाऊंना सांगितलं तेव्हा ते डोकं खाजवत म्हणाले, "येऊ दे. पन भर लोकात फाटलं तं आपलं नाव जाईन. तू पाह्य आता, तुले कसं करायचं ते." म्हणजे त्यांनी अडवलं नाही. हे मुद्दाम लिहितो. पुष्कळ वर्षं मी मनात प्रल्हादभाऊंना दोष देऊन पाहिला, तो बसत नाही.

संग्रामपूरचं लग्न मोठं होतं. ऊन उतरलं, सातपुडा निळा दिसायला लागला, आणि पाठवणीची गडबड सुरू झाली. मास्तर दिवसभर दिसले नव्हते. रोहिणखेडहून तिथवर यायचं म्हणजे एसटी बदलत बदलत यावं लागतं. मला वाटलं, आले नसतील. नवरी गाडीकडे निघाली, ढोल थांबला, मी सुरू केलं.

आणि ते दिसले. फुलं लावलेल्या जीपच्या पलीकडे, बोनेटच्या बाजूला. लाल कोट इस्त्री केलेला, खाली धोतर. काखेत हिरवं लुगडं. क्लॅरिनेट जोडून तयार. त्यांनी ती ओठांना लावली आणि तिचं खालचं टोक किंचित वर उचललं.

मध्ये बायकांची गर्दी होती, नवरीची आई होती, अक्षता होत्या. पण मला ते स्वच्छ दिसत होते. चालीचा शेवट जवळ आला होता. सा समोर होता. तो मी फक्त लांब धरायचा होता.

मी डोळे मिटले आणि सा ला नुसता स्पर्श करून पुढच्या ओळीत गेलो.

लोकांना वाटलं, मी तल्लीन झालो. कोणीतरी 'वा मास्तर' म्हणालं. डोळे मिटूनच मी ती अवघड जागा ओलांडली, उघड्या बोटांवरून बंद बोटांवर, एवढ्या सफाईने त्याआधी कधी ओलांडली नव्हती. मग पुढचा सा आला, तोही मी धरला नाही. त्याच्या पुढचाही नाही. ते थांबले असतील, या ओळीला धरेल, पुढच्या ओळीला धरेल. घेणाऱ्याने मध्ये शिरायचं नसतं. ते शिरले नाहीत.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा डोळे उघडावे लागले. मास्तर तिथेच होते. क्लॅरिनेट खाली आली होती. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या हाताकडे बघत होते, तो खाली आहे की नाही. खाली होता. त्यांनी पत्ती काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, डबीत टाकली. मग क्लॅरिनेटचे भाग सुटे करून लुगड्यात गुंडाळायला लागले. जीप आमच्या मधून गेली, धूळ उडाली, आणि नंतर बोनेटची ती जागा रिकामी होती.

पाठवणीआधी ते जेवत नसत. म्हणजे त्या दिवशी ते उपाशीच परत गेले.

टेम्पोत सामान चढवताना शंकर म्हणाला, "मास्तर आले व्हते काय रे? कोनी म्हने, स्टँडकडं जाताना दिसले."

मी म्हणालो, "ते कायले येतीन? त्यायनं आपल्या मनानंच टांगून देली क्लारनेट खुटीले."

शंकरला वाईट वाटलं. त्याने ते पुढे सांगितलं, ऐकणाऱ्यांनी आणखी पुढे.

वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. मग एक दिवस मी दुकान बंद केलं आणि रोहिणखेडची बस धरली. वाटेत वाक्य पाठ करत होतो. एकच वाक्य होतं, लहानसं.

मास्तर ओसरीवर भाकरी कुस्करून वरणात भिजवत बसले होते. तोंडाचं बोळकं. मागे फळीवर स्टीलच्या वाटीत कवळी ठेवलेली होती, कोरडी. मी विचारलं, "दात नाई लावत जेवताना?"

"जेवाले कायले पाह्यजेत," ते म्हणाले. "वाजवाले केले व्हते."

मग त्यांनीच बाकीचं विचारलं. दुकान कसं चाललंय, प्रल्हादची तब्येत, शंकरचा ढोल. सुमन दिवाळीला येऊन गेल्याचं सांगितलं. तोंडात पत्ती नव्हती. पहिल्यांदाच मी त्यांचं बोलणं सरळ ऐकत होतो. क्लॅरिनेट कुठे दिसली नाही. खुंटीवरही नव्हती.

हात धुऊन ते आत गेले आणि चुन्याची डबी घेऊन आले. "घे. चांगल्या पत्त्या हायेत. पडून वाळून जातीन."

डबी माझ्या हातात होती. वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हणालो, "मास्तर, संग्रामपूरले..."

ते लगेच बोलले. जणू माझ्या आधीच ते तिथे उभे होते. "गर्दी लय व्हती त्या दिवशी. तुले दिसलो नसन मी."

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघत होते, इतकंच. त्यांनी स्वतःचा सा लांब धरला होता, मी माझा मिसळावा म्हणून.

"हाव मास्तर," मी म्हणालो, "गर्दी व्हती."

त्यांनी मान हलवली. "चाल, तुह्या गाडीचा टाईम झाला."

थांब्यापर्यंत ते काठी टेकत आले. नको म्हणालो तरी आले. बस आली, मी खिडकीशी बसलो. ते रस्त्याच्या कडेला उभे होते, मागे मशिदीची जुनी भिंत, पुढे उन्हाने पांढरी झालेली धूळ. बस हलली तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. उजवा खालीच होता, काठीच्या मुठीवर, बोटं बंद. ओळखीचं कोणी बाजूला नव्हतं. वळण येईपर्यंत तो हात तसाच वर दिसत होता.

त्यानंतर मी कितीदा तरी जायचं ठरवलं. लग्नसराई संपू दे, म्हणालो. पाऊस उघडू दे, म्हणालो. एक दिवस रोहिणखेडचा दूधवाला ट्यूब बदलायला आला आणि सहज म्हणाला की उखर्डा बावाची तेरवीसुद्धा होऊन गेली. सुमनने क्लॅरिनेट लुगड्यासकट जानेफळला नेली.

त्यांना न्यायच्या वेळी काही वाजलं का, हे मी त्याला विचारलं नाही.

डबी अजून दुकानात आहे, फळीवर, सोल्यूशनच्या ट्यूबांमागे. पत्त्या वाळून वाकल्या आहेत. त्यातली एकही मी वापरली नाही. आणि बसमध्ये पाठ केलेलं ते वाक्यही तसंच आहे. ते फक्त एवढंच होतं: मास्तर, मले तुम्ही दिसले व्हते.